शेवटच्या काळाचे ठेकेदार

उन्हाळा लागला की वऱ्हाडात तीन गोष्टी हटकून येतात: पाण्याचे टँकर, लग्नाच्या पत्रिका आणि जगाचा शेवट. पहिल्या दोन सगळ्यांच्याच वाट्याला येतात. तिसरी खास आम्हा ख्रिस्ती लोकांची. शाळांना सुट्या लागल्या की अकोला, अमरावती, खामगाव, मूर्तिजापूर, अचलपूर, जिथे म्हणून चार घरांची मंडळी आहे तिथे कन्व्हेन्शनचा मांडव पडतो. बाहेरगावचा, जमलं तर बाहेरराज्यातला उपदेशक येतो, आणि तीन रात्री कूलरच्या घरघरीत, घामाने निथळणाऱ्या माणसांना सांगतो की आता फार दिवस उरलेले नाहीत.

पोरवयापासून मी हे ऐकत आलो आहे. सोव्हिएत रशिया होता तोवर यहेज्केलातला गोग म्हणजे रशिया. मग युरोपच्या सामायिक बाजाराची पाळी आली. १९८१ मध्ये ग्रीस आत आला, देश दहा झाले आणि दानीएलाच्या श्वापदाची दहा शिंगं भरली म्हणून आमच्याकडे कोण आनंद! १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगालही आत शिरले, शिंगं बारा झाली, तेव्हा मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. पुढे सद्दाम हुसेन बाबेलचा राजा झाला. २००० साल आलं, संगणक बंद पडून जग बुडणार होतं, तेही नीट पार पडलं. मग बारकोड, मग आधार, मग लस, आता चिप. इतक्या वर्षांत एकही बहाद्दर मांडवात उभा राहून म्हणाला नाही की बाबांनो, मागच्या खेपेला सांगितलेलं चुकलं. नवा तक्ता, नवा देश, अर्पणाची पिशवी तेवढी जुनीच.

कोणाला वाटेल, हा लिहिणारा कोणी नास्तिक असावा, नाहीतर धर्म सोडलेला. तसं काही नाही. ख्रिस्त परत येणार यावर माझा विश्वास आहे आणि विश्वासांगीकारात ते मी मोठ्याने म्हणतो. माझे पणजोबा मिशनच्या अनाथालयात वाढले, त्यांच्या नावापुढे आईबापाचं नाव नाही. चार पिढ्या आम्ही याच बाकांवर बसलोय. म्हणूनच हे बोलायचा हक्क मला आहे, आणि तो मी आज वापरणार आहे.

तक्ता काय प्रकार असतो ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अकोला जिल्ह्यातल्या एका कन्व्हेन्शनमधला मी अगदी जवळून पाहिला. चांगला बारा हात लांब पांढरा कपडा, त्यावर ऑइलपेंटने काढलेली सात वर्तुळं, आदामापासून सुरू होऊन उजवीकडे सरकत जाणारी. सहाव्या वर्तुळाच्या शेवटी एक लाल बाण सरळ वर, ढगात. त्याखाली ‘मंडळीचे उचलले जाणे’. बाणाच्या उजवीकडे काळा पट्टा, ‘महासंकट, ७ वर्षे’. मग हर्मगिदोन, तलवारी आणि ज्वाळा, रंगाऱ्याने इथे मन लावून काम केलं होतं. मग सहस्रवर्षीय राज्य, पिवळ्या रंगात. उपदेशकाच्या हातात छडी. छडी लाल बाणापाशी आली की तो थांबायचा आणि विचारायचा, ‘‘आपण कुठे आहोत?’’ आणि अख्खा मांडव म्हणायचा, ‘‘बाणापाशी!’’

त्या रात्रीचा विषय श्वापदाची खूण. ती खूण हातावर किंवा कपाळावर असल्याशिवाय कोणाला काही विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही, असं प्रकटीकरणाच्या १३ व्या अध्यायात आहे. उपदेशकाने आधारच्या बारा आकड्यांत ६६६ कसा दडलाय ते फळ्यावर बेरजा-वजाबाक्या करून दाखवलं. मोबाइलवरून होणारे पैशाचे व्यवहार ही त्या खुणेची रंगीत तालीम आहे, असंही सांगितलं. आणि ज्या स्टेजवर उभं राहून तो हे बोलत होता त्याच स्टेजच्या पुढच्या पडद्याला, सगळ्यांना दिसेल असा, अर्पणासाठी क्यूआर कोड चिकटवलेला होता. मी आजूबाजूला पाहिलं. कोणी हसलं नाही. तीन-चार जण मोबाइल काढून तो स्कॅन करत होते.

सभा संपल्यावर पुढच्या रांगेतली एक बाई उठली. शेतमजुरी करणारी, हातात प्लास्टिकच्या पिशवीतलं बायबल. ती उपदेशकापाशी गेली आणि म्हणाली, ‘‘पास्टरसाहेब, एक इचारू का? मंग पोराची आयटीआयची फी भराची का नाई भराची?’’

साहेब हसले. प्रभू मार्ग दाखवील म्हणाले. प्रार्थना केली, डोक्यावर हात ठेवला, आणि पुढच्या माणसाकडे वळले.

त्या बाईने विचारला तोच खरा प्रश्न. पौलाच्या काळात थेस्सलनीका गावात नेमकं हेच झालं होतं. प्रभू आज-उद्या येतोय म्हणून काही मंडळींनी कामधंदा सोडला आणि दुसऱ्यांच्या घरी जेवत सुटले. पौलाने त्यांना पत्र लिहून कान उपटले: ज्याला काम करायचं नाही त्याने जेवूही नये, अशा अर्थाचं. इतकं सडेतोड उत्तर दोन हजार वर्षांपूर्वी पुस्तकात लिहून ठेवलेलं असताना आमच्या उपदेशकाला ते सुचलं नाही, कारण ते तक्त्यावर नव्हतं.

हा तक्ता आला कुठून? येशूने काढला नाही, पौलाने नाही, प्रकटीकरण लिहिणाऱ्या पात्म बेटावरच्या योहानानेही नाही. जॉन नेल्सन डार्बी नावाचा एक पाळक आयर्लंडमध्ये होता. आपली मंडळी सोडून तो प्लिमथ ब्रदरन गटात गेला आणि १८३० च्या दशकापासून सांगू लागला की महासंकटाच्या आधी ख्रिस्त खऱ्या विश्वासणाऱ्यांना गुपचूप वर उचलून नेणार, बाकीच्यांनी खाली भोगायचं. तोवरच्या अठराशे वर्षांतल्या मंडळीने हे अशा रूपात शिकवलेलं नव्हतं. ऑगस्टिनने नाही, लूथरने नाही, कॅल्विननेही नाही. पुढे अमेरिकेत सायरस स्कोफिल्ड नावाच्या एकेकाळी वकिली केलेल्या गृहस्थाने बायबलच्या पानांखाली याच मताच्या तळटिपा घातल्या आणि १९०९ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ते छापलं. वर देवाचं वचन, खाली वकिलाची टीप, दोन्ही एकाच काळ्या कातडी पुठ्ठ्यात. वाचणाऱ्याला थोड्याच दिवसांत वरचं कोणतं आणि खालचं कोणतं ते कळेनासं झालं. आमच्याकडे आलेला तक्ता हा त्या तळटिपांचा नातू.

प्रकटीकरण वाचण्याच्या दुसऱ्या रीती आहेत, हे मांडवात कोणी सांगत नाही. त्यातलं बरंचसं पहिल्या शतकातल्या रोमबद्दल आहे असं मानणारे आहेत. ६६६ चा आकडा इब्री अक्षरांच्या हिशेबाने नीरो कैसराच्या नावाशी जुळतो, आणि काही जुन्या हस्तलिखितांत तो ६१६ आहे. सगळा मंडळीचा इतिहास त्यात ओळीने लिहिलाय असं मानणारे होते. त्यांनी पोपला ख्रिस्तविरोधक ठरवून तीनशे वर्षं काढली. हे सगळ्या काळांचं चित्र आहे, कोणत्याच एका सालाचं नाही, असं म्हणणारेही आहेत. पण यातल्या कशानेच मांडव भरत नाही. मांडव भरतो तो ‘यंदा’ या शब्दाने.

‘यंदा’चा इतिहास मात्र मोठा रंजक आहे. न्यूयॉर्क राज्यातला विल्यम मिलर हा शेतकरी दानीएलाच्या २३०० दिवसांचा हिशेब करून बसला. अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली. काहींनी पीक शेतातच सोडलं. २३ ऑक्टोबरला सूर्य नेहमीप्रमाणे उगवला. १९८८ साली एडगर व्हिझनंट नावाच्या माजी इंजिनीअरने त्याच वर्षी उचलून नेलं जाणार याची ८८ कारणं छापली. तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही असं येशूने सांगितलंय, याची आठवण दिल्यावर त्याचं म्हणणं असं की दिवस आणि घटका ठाऊक नाही, वर्ष ठाऊक नाही असं कुठे म्हटलंय? १९८९ साली त्याने नवं पुस्तक काढलं. २०११ मध्ये हॅरॉल्ड कॅम्पिंगने २१ मे सांगितला, तो गेला तेव्हा २१ ऑक्टोबर सांगितला. येशूने तर त्या वचनात असंही म्हटलंय की ते पुत्रालासुद्धा ठाऊक नाही, फक्त पित्याला. पुत्राला जे ठाऊक नाही ते आमच्या उपदेशकाला व्हॉट्सअ‍ॅपवर कळतं.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळ नावाचं गाव आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, पुरी, पापड, करंजी, विड्याचं पान आणि सुपारी. दुसऱ्या दिवशी पहाटे घट बघून पाऊस, पीक आणि राजाची गादी यांचं भाकीत सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले त्यावर दरवर्षी टीका करतात, आणि आमचे उपदेशकही ‘अन्यजातीय शकुन’ म्हणून हिणवतात. मला भेंडवळचं काही कौतुक नाही. पण एवढं कबूल केलं पाहिजे की तो घट निदान आमच्या तुरीबद्दल आणि कपाशीबद्दल बोलतो, आणि खरा की खोटा ते दिवाळीपर्यंत कळतं. आमच्या तक्त्यावर ना तूर आहे ना कपाशी. अकोला नाही, अमरावती नाही, पूर्णा नदी नाही. मॉस्को आहे, ब्रसेल्स आहे, फरात नदी आहे. देव वऱ्हाडात काही करतो की नाही, कोण जाणे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण खरी गंमत इथे आहे. वऱ्हाडातली मंडळी जन्मली तीच शेवटच्या काळाच्या घड्याळातून.

ए. बी. सिम्पसन हा कॅनडात जन्मलेला प्रेस्बिटेरियन पाळक. न्यूयॉर्कची मोठी मंडळी सोडून त्याने १८८७ मध्ये जी चळवळ उभी केली तिचीच पुढे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स झाली. अकोला-अमरावतीच्या पट्ट्यात जुनं मिशन कंपाउंड दिसलं की बहुतेक वेळा ते अलायन्सचं. तिच्या शिकवणीचे चार खांब: तारणारा ख्रिस्त, पवित्र करणारा ख्रिस्त, बरे करणारा ख्रिस्त आणि येणारा राजा ख्रिस्त. चिन्हात मुकुट आहे तो या चौथ्याचा. मत्तयाच्या २४ व्या अध्यायात आहे की राज्याची सुवार्ता सगळ्या राष्ट्रांत गाजवली जाईल आणि मग शेवट होईल. सिम्पसनने त्यातून सरळ हिशेब काढला: राहिलेल्या राष्ट्रांत लवकर पोचा, म्हणजे राजा लवकर येईल. त्या यादीत वऱ्हाड होतं. म्हणजे आम्ही इथे आहोत ते कोणाच्या तरी यादीत खूण करायची राहिली होती म्हणून.

हिशेब चुकीचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. सुवार्ता म्हणजे राजाला बोलवायची घंटा नव्हे. पण तो हिशेब घेऊन जी माणसं इथे आली त्यांनी इथे आल्यावर काय केलं, ते बघा.

१८९९-१९०० चा दुष्काळ. पाऊस दगा देऊन गेला, ज्वारी गेली. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या २८ लाख ९७ हजार होती, १९०१ मध्ये २७ लाख ५४ हजार. वाढायची तिथे जवळपास दीड लाखाने घटली. आणि त्याच काळात रेल्वे चालू होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ पर्यंत अकोला-बडनेरा करत नागपूरला पोचली होती, १८७० मध्ये खामगावला कापसासाठी खास फाटा निघाला. रूळ कशासाठी टाकले ते कोणाला विचारायला नको: मँचेस्टरला रुई हवी होती. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडच्या कापूस आणि दुष्काळावर १९९७ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यातून पुढे आलेला आकडा असा की त्या दुष्काळाच्या वर्षी वऱ्हाडातून कापसाच्या गाठी तर गेल्याच, वर ७ लाख ४७ हजार बुशेल धान्यही बाहेर गेलं. गव्हाच्या मापाने धरा, दोन लाख क्विंटल होतं. माणसं स्टेशनाच्या वाटेवर मरत होती आणि धान्य स्टेशनातून निघत होतं.

आता प्रकटीकरणाचा सहावा अध्याय उघडा. तिसरा शिक्का फुटतो, काळा घोडा निघतो, स्वाराच्या हातात तागडी. आणि एक आवाज भाव सांगतो: दिवसभराच्या मजुरीत एका माणसापुरते गहू, किंवा तिप्पट जव, पण तेलाला आणि द्राक्षारसाला धक्का लावू नका. गरिबाची भाकरी आभाळाला आणि श्रीमंताचा माल सुरक्षित. हा दुष्काळ आभाळातून पडलेला नाही, याला भाव ठरवणारा कोणीतरी आहे, हे योहानाने त्या एका आवाजात सांगून टाकलं. आणि अठराव्या अध्यायात बाबेल पडते तेव्हा कोण रडतं? व्यापारी रडतात. त्यांच्या मालाची लांबलचक यादी आहे: सोनं, तलम कापड, मसाले, तेल, सपीठ, गहू, गुरं, आणि अगदी शेवटी माणसांचे जीव. मालाच्या यादीत सगळ्यात खाली माणूस. खामगावच्या कापूस बाजाराचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही, आणि ते रोमच्या एका कैद्याने लिहिलं, तेही तुर्कस्तानातल्या सात छोट्या मंडळ्यांना.

काळा घोडा वऱ्हाडातून गेला, बाप्पा. माझ्या पणजोबांच्या आईबापाला तुडवून गेला. पण माझ्या उभ्या आयुष्यात एकाही कन्व्हेन्शनमध्ये कोणी छडी त्या घोड्यावर ठेवून म्हणालं नाही की हा इथला आहे. काळा घोडा म्हणजे अजून यायचा आहे, महासंकटात, आपण वर गेल्यावर.

त्या वेळी इथे असलेल्या मिशनरींना मात्र घोडा ओळखू आला. तक्ता त्यांच्याही डोक्यात होताच. पण अकोल्याला मुलांचं आणि खामगावला मुलींचं अनाथालय उभं राहिलं. अकोल्यात काम केलेल्या जेनी फुलर बाईंनी १९०० साली हिंदुस्थानी स्त्रियांवरच्या अन्यायावर पुस्तक लिहिलं: बालविवाह, विधवा, देवदासी. त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. रमाबाई स्वतः १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मुली आणि विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनात १९०५ मध्ये जे आत्मिक जागरण झालं त्याचा गवगवा जगभर झाला, आणि तिथेही प्रभूच्या येण्याची वाट लोक श्वास रोखून बघत होते. पण त्याच मुक्तीत शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते छापून निघालं. उद्या जग संपणार म्हणून हातपाय गाळणारी बाई ही असली कामं अंगावर घेत नाही.

त्यांच्या एका हातात तक्ता होता आणि दुसऱ्यात फावडं. आम्ही तक्ता जपून ठेवला आणि फावडं विकलं. फावड्याबरोबर कुठे कुठे जमीनही विकली, पण त्या कोर्टकज्ज्यांचा विषय आज नको.

यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. पवित्र शास्त्र कसं वाचायचं, कोणतं पुस्तक कोणाला, कधी, कशासाठी लिहिलं, हे शिकवणारी शाळा वऱ्हाडात, आमच्या दारात. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. तिच्या जाण्याला तिची कारणं असतील. पण नंतरच्या पोकळीत आमच्याकडे जे वाढलं ते यूट्यूबवर. सतरा मिनिटांचा व्हिडिओ, मागे विजांचा कडकडाट, ‘दानीएलाचे रहस्य उलगडले’. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

याची किंमत पैशात नव्हे, जिवात मोजावी लागते. २०२१ च्या फेब्रुवारीत दुसरी लाट महाराष्ट्रात उसळली ती आधी आमच्याकडे, अमरावती-अचलपूरला तेव्हाच टाळेबंदी लागली. पुढे ज्येष्ठांना लस मिळू लागली. माझ्या ओळखीतल्या एका घरात नवरा-बायको दोघंही साठीच्या पुढचे. त्यांना कोणीतरी पाठवलेल्या व्हिडिओत लस म्हणजे श्वापदाची खूण असल्याचं सांगितलं होतं. मुलगा हातापाया पडला, तरी घेतली नाही. मे महिन्यात म्हातारा गेला. बाई आजही म्हणते, ‘‘त्यायनं खूण घेतली नाई, ते सरळ वर गेले.’’ मी त्या बाईला काही बोललो नाही, बोलणारही नाही. पण ज्याने तो व्हिडिओ बनवला त्याला मात्र न्यायाच्या दिवसाची भीती वाटायला हवी. त्याच्याच पुस्तकात त्याची तरतूद आहे.

प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायात कडूदवणा नावाचा तारा नद्यांवर पडतो, पाणी कडू होतं आणि माणसं मरतात. १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हापासून जगभरचे उपदेशक त्या तार्‍याला चेर्नोबिल म्हणतात. आमच्याकडेही म्हणतात. मी हे प्रवचन ऐकलं ते पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यातल्या एका गावात. अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या खारट आहे. घराघरात मूत्रपिंडाचे रोगी. हँडपंप मारला तर डाळ शिजत नाही असं पाणी. उपदेशक युक्रेनमधल्या कडू पाण्याबद्दल पाऊण तास बोलला आणि मध्ये मध्ये बाटलीबंद पाणी पीत होता. समोर बसलेल्या लोकांनी ती बाटली बघितली असेल, माझी खात्री आहे.

इस्राएलचं तर विचारूच नका. १९४८ हा घड्याळाचा काटा, हे तक्त्यात पक्कं बसलंय. १९४८ पासून एक पिढी म्हणजे चाळीस वर्षं, म्हणून १९८८. मग पिढी सत्तर वर्षांची, म्हणून २०१८. आता ऐंशीवर आली आहे, पुढे शंभरावर जाईल. पण त्या देशात आमची मराठी बोलणारी माणसंही गेली आहेत, हे किती उपदेशकांना ठाऊक आहे? कोकणातले बेने इस्राएल. भविष्य पूर्ण करायला गेले आणि तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली. १९६४ मध्ये त्यांना जेरुसलेममध्ये निदर्शनं करावी लागली, तेव्हा कुठे संसदेने त्यांना पूर्ण यहुदी मानलं. आणि १९ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या सेंट पोर्फिरिअस चर्चच्या आवारावर बॉम्ब पडला, आसरा घेतलेले ख्रिस्ती मेले. त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘घड्याळ जोरात फिरतंय’ असा आनंद चालला होता. मेलेले आपलेच भाऊ होते. पण ते तक्त्याच्या चुकीच्या बाजूला राहत होते.

आणि ज्या जुलमाचं नाव घेतलं पाहिजे त्याचं नाव कोणी घेत नाही. आमच्यातली बरीचशी घरं मूळची महार-मांगांची, हे उघड गुपित आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये शिखांना मिळाला, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्त्यांना नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने शिफारस केली, ती कपाटात गेली. शेजारच्या बौद्ध घरातल्या पोराला शिष्यवृत्ती आणि आमच्या पोराला अर्धवट फी, भिंत एकच. प्रकटीकरणात वेदीखालचे हुतात्मे देवाला विचारतात की न्याय कधी करणार. हा प्रश्न विचारायची परवानगी देणारं ते पुस्तक आहे. आमच्याकडे तो कोणी सरकारला विचारत नाही. कारण सरकार श्वापदाचं, आणि आपण चाललो वर. अर्ज कोण लिहीत बसतो!

२००६ मध्ये पंतप्रधान वऱ्हाडात येऊन गेले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा, शेतकरी आत्महत्यांच्या या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या उन्हाळ्यातल्या कन्व्हेन्शनचा विषय मला आठवतो: ‘तुरही कधी वाजेल?’

माझं मागणं फार मोठं नाही. अनुवादाच्या १८ व्या अध्यायात खोट्या संदेष्ट्याची साधी कसोटी आहे: बोलला ते घडलं नाही तर तो देवाकडून बोलला नव्हता, त्याला भिऊ नका. तर पुढच्या उन्हाळ्यापासून मांडवाच्या दाराशी एक टेबल ठेवावं. कोणत्याही उपदेशकाने साल, देश किंवा कार्ड यांचं नाव घेतलं की त्याने पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावं, आणि नाही घडलं तर तीन रात्रींचं अर्पण व्याजासकट परत. त्या अर्पणातून मुलांची फी भरावी.

ही सूचना मी गेल्या कन्व्हेन्शनला जेवणाच्या पंगतीत पाहुण्या उपदेशकापुढे मांडली. माणूस दिलखुलास निघाला, हसला. बोलता बोलता नव्या फ्लॅटचा विषय निघाला. दोन बेडरूम, हायवेजवळ, बँकेचं कर्ज झालंय म्हणाला. मी विचारलं, किती वर्षांचं?

‘‘वीस,’’ तो वरणात भाकर कुस्करत म्हणाला. ‘‘पंचवीसचंही देत होते, पण व्याज फार जातं हो.’’